आडवी बुधली

सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुन्या सामानाच्या रांगेला चाचांच्या ताडपत्रीवर ती पडलेली दिसली. पडलेली म्हणजे आडवीच. एरवी बुधली उभी राहते, ही मुळात आडवी बसायलाच केलेली. खालून सपाट, वरून लादीपावासारखी फुगीर, एका टोकाला बोंडासारखी गाठ, आणि बूच कुठं, तर पाठीवर. अंगभर हिरवा ऑइलपेंट, खिडकीच्या गजांना मारतात तो. उचलली तर अडीच-तीन किलो भरेल. बोटाच्या पेरानं वाजवली. ठण्ण.

"चाचा, काय आहे हो हे?"

"दारू की है बाई. गोरे लोगां की."

शेजारी कुलपं मांडून बसलेला म्हणाला, "काय बी सांगतंय म्हातारं. मिलमधलं तेलाचं हाय ते." तवा घ्यायला आलेल्या एका मावशींनी तर ती उशी ठरवली. मी नऊशेवरून भाव सुरू केला आणि साडेचारशेला घेतली. घरी येईपर्यंत रिक्षावाल्यानं चौथा अंदाज सांगितला होता, तो इथं लिहीत नाही.

हा नाद मला शाळेत लागला. मी तीस वर्षं एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. 2009 साली जुनी कोठी रिकामी करायची ठरली, तेव्हा डेड स्टॉक रजिस्टर काढून एकेक वस्तू जुळवायचं काम माझ्याकडं आलं. मोडकी बाकं, फाटके नकाशे, पाय नसलेला ग्लोब. त्यात एका जुन्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या रजिस्टरात नोंद होती: "शाईची दगडी बाटली, मोठी, नग 3". कोपऱ्यात मातीखाली तिन्ही सापडल्या. तपकिरी, सरळसोट अंगाच्या, उतरत्या खांद्यांच्या, आणि तोंडाला ओल्या मातीतच बोटानं चिमटा काढून केलेली चोच. निर्लेखनाच्या लिलावात कुणी हात वर केला नाही. मी पंधरा रुपयांची पावती फाडून त्या घरी आणल्या.

धुतल्यावर बुडाजवळ दाबून उठवलेला लंबगोल शिक्का हाताला लागला, पण डोळ्यांना वाचता येईना. दारात पांढरी रांगोळी होती. चिमूटभर घेऊन शिक्क्यावर चोळली, वरची फुंकून टाकली, तशी अक्षरं उमटली. व्हिट्रियस स्टोन बॉटल्स, जे. बोर्न अँड सन, पेटंटीज, डेन्बी पॉटरी, निअर डर्बी. खाली पी. अँड जे. अर्नोल्ड, लंडन. म्हणजे शाई अर्नोल्डची, बाटली डेन्बीची. इंग्लंडातला हा डेन्बीचा कारखाना 1809 सालचा. तेव्हापासून रांगोळीची डबी माझ्या पर्समध्ये असते. बाजारात ती काढली की लोकांना वाटतं बाई भानामती करतेय.

ती चोच का, हे कळायला मला दोन दिवस लागले. आमच्या शाळेच्या जुन्या बाकांना दौतीची भोकं होती. चाळीस-पन्नास दौती भरायच्या म्हणजे धार बारीक पडली पाहिजे आणि शेवटचा थेंब बाटलीच्या अंगावर ओघळता कामा नये. चिमट्यानं तो थेंब मागं फिरतो. मी पाणी भरून करून पाहिलं, खरंच फिरतो. आणि दगडी बाटलीच का? तर जुनी लोखंडी शाई आम्लधर्मी, पत्रा खाऊन टाकणारी. मग मला चटकच लागली. वेडावाकडा घाट दिसला की हा असा कशासाठी, हे उकलेपर्यंत चैन पडत नाही.

आपण सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, कपबशी असो नाहीतर लोणच्याची बरणी. मला हवी असते ती दगडी जात. ही माती भट्टीत बाराशे ते तेराशे अंशांपर्यंत तापते, तिचे कण वितळून एकमेकांत बसतात आणि अंगच दगडासारखं घट्ट होतं. साध्या भाजलेल्या मडक्याच्या फुटक्या कडेवर पाण्याचा थेंब टाका, पिऊन टाकतं. दगडीच्या कडेवर थेंब तसाच बसून राहतो. जिभेनंही कळतं, मडक्याची कड जिभेला चिकटते. ही परीक्षा मी एकदा भर बाजारात केली. ह्यांनी नंतर महिनाभर माझ्याबरोबर बाजारात यायचं टाळलं.

झिलईचेही प्रकार आहेत. मला मिठाची झिलई फार आवडते. भट्टी ऐन तापात असताना आत मीठ फेकतात. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळतं आणि भांड्याच्या अंगावर काचेचा पातळ थर चढतो. हात फिरवला की संत्र्याच्या सालीवरून फिरवल्यासारखं वाटतं. दुसरी ती गुळगुळीत, दुधाळ पिवळट झिलई, आपल्या दुरंगी बरण्यांसारखी. तिचं मूळ ब्रिस्टलचं, 1835 च्या सुमाराचं. त्यात शिशाऐवजी जस्त वापरलं, हा मोठा फरक. तरी जुन्या, अनोळखी भांड्यात मी लोणचं घालत नाही आणि कुणाला घालू देत नाही. झिलईत शिसं असलं तर आंबट पदार्थ ते ओढून घेतो. नात्यातल्या दोघी-तिघी यावरून माझ्यावर रुसून आहेत, बरणी मागितली आणि दिली नाही म्हणून.

साध्या बरण्या मी घेत नाही. तपकिरी गळा, पिवळट पोट, त्या घरोघरी होत्या. खुर्जाच्या, थानगढकडच्या, राणीपेटच्या. त्या सुंदरच आहेत, पण त्यांच्यात कोडं नाही. माझ्या फळीवर आजमितीला एकतीस नग आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी खोड आहे. कुणाला कान एकच, कुणाला बुडाशी भोक, कुणाला दुहेरी ओठ. त्यांची वही मी डेड स्टॉक रजिस्टरच्याच नमुन्यात ठेवली आहे: नोंद क्रमांक, दिनांक, वर्णन, कोठून, किंमत, शेरा. सवय जात नाही.

सातव्या नोंदीपुढं शेऱ्यात "स्वतःच्या मूर्खपणानं तडा" असं लिहिलेलं आहे. पंढरपुरात एक वाडा पाडत होते. तिथून उंच, दंडगोल, बारीक गळ्याची आणि गळ्यालगत एकच लहानसा कान असलेली बाटली मिळाली. आत एरंडेलाचा राप. खांद्यावर गोल शिक्का, रांगोळी चोळली तर सेल्टर्स, आणि खाली नासाऊच्या डचीचं नाव. हे जर्मनीतल्या झऱ्याचं बुडबुड्यांचं पाणी. ते अशा घट्ट दगडी बाटल्यांत भरून जगभर जायचं. नासाऊचं राज्य प्रशियानं 1866 साली गिळलं, म्हणजे शिक्क्यावर ते नाव असलेली बाटली त्याच्या आगेमागेपर्यंतचीच. दीडशे वर्षं टिकलेली. मी काय केलं? एरंडेल सुटावं म्हणून धुण्याचा सोडा घातलेलं उकळतं पाणी एकदम ओतलं. डिसेंबरातली सकाळ, बाटली गारठलेली. टक्. एवढाच आवाज. खांद्यापासून बुडापर्यंत केसाएवढी रेघ. वाजवून पाहिली तर ठण्ण नाही, बद्द. काच तापवताना आधी कोमट, मग गरम, हे मी पोरांना तीस वर्षं सांगत आले होते.

दगडी भांडं आम्लाला भीत नाही, वर्षानुवर्षं ओलीत राहतं, पण एकाएकी ऊन-थंड झालेलं त्याला सोसत नाही. हे माझ्या पैशानं शिकले ते असं.

ह्यांचं मत आजही हेच की हे भंगार आहे. त्यांची समजूत पटावी म्हणून मी त्यांना एकदा तेरला घेऊन गेले. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं गाव. तिथलं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलं. गावातला गृहस्थ शेताबांधावर सापडलेलं वेचत जातो आणि त्यातून एवढं होतं! मी भारावून बघत होते. ह्यांनी सगळं दालन शांतपणे फिरून पाहिलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांच्याकडं जागा होती."

जागेपेक्षाही आमच्याकडं भांडण पाण्यावरून झालं. अक्कलकोटकडच्या एका घरातून बसकी, पोटुशी बरणी आली होती. तिच्या तोंडाला दोन ओठ, एकात एक, आणि दोहोंमध्ये बोटभर खोलीची खोबणी. तपकिरी झिलई जाड, ओघळलेली. घरच्यांनी त्यात वर्षानुवर्षं मिठातली लिंबं घातली होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खोबणी बघितली आणि एका क्षणात निकाल दिला: "मुंग्यांसाठी गं. पाणी घालायचं त्यात." खरंच त्या घरात तसंच वापरत होते. पण मला पुढं कळलं ते असं की चीनमध्ये भाज्या खारवून आंबवायच्या बरण्यांना हा घाट असतो. खोबणीत पाणी भरतात, वर वाडगा पालथा घालतात. आतला वायू बुडबुडे होऊन पाण्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. आम्ही प्रयोगशाळेत नळी पाण्यात बुडवून जे करायचो तेच, पण आजीबाईंच्या हिशेबानं. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मुंग्या येत होत्या का?" नव्हत्या येत. दोघींचंही बरोबर.

चाचांना त्या बरणीचा फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "ये तो मर्तबान है." हा शब्द लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचा, हे फार उशिरा समजलं. तिथून झिलईदार मोठ्या बरण्या जहाजांवर चढत. इब्न बतूतानं चौदाव्या शतकात मर्तबानांत मीठ घालून ठेवलेलं आलं, मिरी, लिंबू आणि आंबा यांची नोंद केली आहे. समुद्रप्रवासाची शिदोरी. चाचांना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी त्या जातीच्या बरणीचा भाव दोनशेनं वाढवला.

तर पाणी. लिंबाच्या बरणीची झिलई बुडाकडून पापुद्र्यासारखी सुटत होती. रोज सकाळी फळीवर पांढरं पीठ पडलेलं असायचं. हे मीठ. बुडाला झिलई नसते, भाजणी थोडी कमी पडलेली असली तर मिठाचं पाणी तिथून अंगात शिरतं. बरणी वाळली की आत खडे धरतात, फुगतात आणि झिलईला आतून ढकलतात. वरून कितीही पुसा, उपयोग नाही. बरणी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, मीठ पाण्यात उतरू द्यायचं, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायची. ऐकायला सोपं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे माहीत असलेल्या माणसाला विचारा. मी टबभर पाणी दर तीन दिवसांनी ओतून देत होते. तेही झाडांना चालत नाही, खारट. लेक म्हणाली, "आई, उजनी तुझ्या बरणीसाठी भरलंय का?"

पाणी कधी थांबवायचं हे ठरवायला मी जुनी विद्या वापरली. परीक्षानळीत टबातलं थोडं पाणी, त्यात सौम्य नायट्रिक आम्लाचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. मीठ असेल तर दह्याच्या निवळीत दूध सांडावं तसा पांढरा साका धरतो. पहिल्या दिवशी नळी खडूसारखी झाली. पाचव्या पाण्याला दुधाळ, आठव्याला धुरकट. पण पुढं ती धुरकटपणावरच अडून बसली. दोन पाणी फुकट घालवल्यावर डोक्यात उजेड पडला. नळाच्या पाण्यातच क्षार आहेत, नुसतं नळाचं पाणी तपासलं तरी तेवढंच गढूळ होतंय! मग पंपावरून बॅटरीत घालायचं, क्षार नसलेलं पाणी आणलं, पाच लिटरचे कॅन, आणि शेवटची तीन पाणी त्याची दिली. तेराव्या पाण्याला नळी स्वच्छ. दीड महिना गेला होता, माझी बोटं नायट्रेटनं काळी पडली होती, भिशीत सगळ्यांना वाटलं मेंदी बिघडली. नंतर बरणी सावलीत पंधरा दिवस वाळवली. उन्हात नाही, घाईनं वाळवलं तर उरलंसुरलं मीठ पुन्हा उसळी मारतं. तेव्हापासून पीठ पडलेलं नाही.

फसले कधी, हेही सांगायला हवं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडं राजहंसाच्या मानेसारख्या चोचीची बुधली दिसली. अठराशे रुपये. चोच इतकी डौलदार की मी वाजवायचीच विसरले. घरी आल्यावर वाजवली, बद्द. शंका आली तेव्हा सोलापुरातल्या नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराकडून नोटा तपासायचा निळा दिवा मागून आणला. खोलीत अंधार करून चोचीवर धरला. बुडखा अंधारा, चोच अंधारी, आणि दोहोंच्या मध्ये डाळीच्या पिठासारखा फिकट उजळ पट्टा. लुकण. कुठल्यातरी किटलीची चोच बुधलीला डकवून वर रंग मारला होता. आता तो दिवा मी स्वतःचा घेतलाय, दीडशे रुपयांचा, आणि कुणाला लाज वाटो न वाटो, बाजारात ओढणीच्या आडोशाला लावून बघते. सांधलेलं भांडं घेऊच नये असं नाही. तांब्याचे टाके घालून सांधलेली एक बशी मी जास्त पैसे देऊन घेतली आहे, कारण ते टाके कुणी लपवले नव्हते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जुन्या डाईंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, गोदामात मिळालेली सगळ्यात मोठी. कमरेएवढी उंच, बुडापासून चार बोटांवर भोक, वर दोन कान. सगळे म्हणाले पिण्याच्या पाण्याची, तोटी गेली असेल. मलाही पटलं. इंग्रज घरांत दगडी फिल्टर असायचेच. पण आतल्या अंगाला झिलईवर एकही क्षाराचा पांढरा थर नव्हता. सोलापूरचं पाणी वर्षभर साठवलेलं भांडं आणि थर नाही? गोदामाच्या मालकांचे वडील, नव्वदीकडं झुकलेले, बाजेवर पडून ऐकत होते. तेलुगू-मराठी मिसळून म्हणाले, "पाणी नाही अम्मा. तेजाब." नॅप्थॉलच्या रंगाला नायट्राइट आणि आम्ल लागतं, आणि बर्फ. आम्ल लोखंडी पिंपात ठेवता येत नाही, काचेचं भांडं पोरांच्या हातून फुटतं, म्हणून दगडी. भोकात लाकडी गुडदी बसवायची आणि मापानं काढायचं. मी विचारलं, "अण्णा, हाताला काय घालत होता?" त्यांनी दोन्ही तळहात वर करून दाखवले. बघितले आणि मी पुढं काही विचारलं नाही. त्या बरणीला मी पैसे देऊ लागले, तर त्यांनी घेतले नाहीत. किमतीच्या रकान्यात "भेट" लिहिलं आहे.

भाचीला अमेरिकेत एक नग हवा होता. तिला नाही म्हणावं लागलं. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि वस्तू तितकी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणल्याशिवाय विमानतळावर वाद घालत बसायची तयारी माझ्यात नाही. तिला खुर्जाची नवी बरणी पाठवली. तिला तीच जास्त आवडली.

आता हिरवी आडवी.

घरी आणल्यावर आठवडाभर ती जिन्याखाली होती. रंग खरवडायचा मोह होत होता, पण सुरीनं झिलईवर ओरखडा येतो. रंगाच्या दुकानातून रिमूव्हर आणला, गच्चीवर वारं बघून बसले, हातात रबरी मोजे. ब्रशनं थर द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुरकुतला की आइस्क्रीमच्या काडीनं ओढायचा. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली लाल. कुणाच्यातरी दारात ती पाचर म्हणून, कुंडी म्हणून, देव जाणे काय म्हणून रंगत गेलेली. लालखाली पिवळट दगडी अंग आलं, आणि पाठीवर बुचाशेजारी अक्षरं. आधी "लॅम्बेथ". मग "डॉल्टन्स". डॉल्टनचा लंडनमधल्या लॅम्बेथचा कारखाना 1815 पासूनचा, 1956 ला बंद झाला. मी काडी टाकून टूथब्रश घेतला. "इम्प्रूव्हड". आणि शेवटचे दोन शब्द: फूट वॉर्मर.

पायशेक! गरम पाणी भरून पायाशी घ्यायची बाटली. म्हणून खालून सपाट, अंथरुणात लवंडू नये. म्हणून बूच पाठीवर, निजलेल्या माणसाच्या अंगावर सांडू नये. म्हणून टोकाला बोंड, गरम असताना धरून उचलायला. आणि "इम्प्रूव्हड", म्हणजे न सुधारलेलीही एखादी असणार! मी गच्चीवर एकटीच हसत सुटले. एप्रिलचा शेवट, पारा बेचाळीसवर, फरशीवर पाय ठरत नव्हता, आणि माझ्या मांडीवर पायशेक.

चाचांना गाठून विचारलं, तेव्हा त्यांनी ती रेल्वे लाइन्सकडच्या एका जुन्या बंगल्याच्या सामानातून आल्याचं सांगितलं. रेल्वे सोलापुरात 1860 साली आली, जुनी मिल 1877 ची, अमेरिकन मिशनचीही माणसं इथं होती. त्यातल्या कुणाच्या तरी ट्रंकेतून आली असेल, थंडीची धास्ती बांधून घेऊन. बुचाला आतून आटे आहेत. असल्या बुचाचं पेटंट हेन्री बॅरेटनं 1879 साली घेतलं, तेव्हा बुधली त्याआधीची नसावी असं मी धरते. चाचा एवढंच म्हणाले, "मैं बोला था ना, गोरे लोगां की."

बूच रंगानं जाम बसलेलं होतं. पक्कड लावली नाही. खोबरेल सोडत राहिले, कोमट फडकं गुंडाळत राहिले. नवव्या दिवशी ते चुर्र करून फिरलं. आतलं रबरी वायसर चामड्याच्या तुकड्यासारखं कडक होऊन मोडलं. बूच पिशवीत घालून प्लंबिंगच्या दुकानात गेले. पोऱ्यानं आठ-दहा वायसर लावून पाहिले आणि गीझरच्या नळीचं एक बसवलं. पाच रुपये. "काकी, कुठल्या कंपनीचा नळ हाय हा?" मी म्हटलं, "लंडनचा."

बुधली फळीवर गेली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत थंडी पडली आणि आत्याबाईंचे गुडघे धरले. रबरी पिशवी त्यांना आवडत नाही, तिचा वास येतो म्हणतात, आणि घटकाभरात गार होते. एका रात्री त्यांनीच फळीकडं बोट केलं: "ती तुझी शेकायची बाटली नुसती बघायलाच हाय का?"

माझा जीव खालीवर. पंढरपूरची टक् कानात होती. आधी कोमट पाणी भरलं, पाच मिनिटं ठेवून ओतलं. मग जरा गरम. मग आणखी गरम, उकळतं नाही. बूच आवळलं, पालथी करून बघितली, थेंब नाही. जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळून गुडघ्याखाली दिली. आत्याबाईंनी पाय सैल सोडला. पहाटे चारला मी उठून हात लावून बघितला, अजून ऊबदार होती. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "बरी हाय. जड हाय जरा."

त्याला आता दोन हिवाळे झाले. फळीवर तिची जागा रिकामी आहे, ह्यांनी तिथं मोबाइलचा चार्जर ठेवायला सुरुवात केली आहे. रजिस्टरात नोंद 31, "पायशेक, दगडी, आडवा, नग 1, मंगळवार बाजार, रु. 450". शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिलं होतं, "आत्याबाईंकडे तात्पुरता". परवा वही चाळताना "तात्पुरता" खोडलं.